कंपनी मोठी होते म्हणजे नेमकं काय होतं?

"आमची कंपनी म्हणजे एक कुटुंबच आहे" हे वाक्य जिथे फ्रेम करून भिंतीवर लावावं लागतं, तिथे काहीतरी बिनसायला सुरुवात झालेली असते, असं माझं एक जुनं मत आहे. घरात कोणी रोज सकाळी उठून "आपण एक कुटुंब आहोत बरं का" असं जाहीर करत नाही. आई तर नाहीच नाही. ती फक्त "पानं घेतलीयेत, या" एवढंच म्हणते.

हा विषय डोक्यात घोळतोय तो हापिसातल्या जुन्या मंडळींच्या गप्पांमुळे. चारजण चहाला जमले की पाचव्या मिनिटाला कोणीतरी सुस्कारा टाकतंच, "पूर्वी असं नव्हतं रे..." आणि मग आठवणी सुरू होतात. आता मीही त्याच जुन्यांपैकी एक. १९९८ साली मी या कंपनीत लागलो तेव्हा मला धरून तेवीस माणसं होती. एरंडवण्यातल्या एका बंगल्याचा वरचा मजला, एकच फोन लाइन, आणि गच्चीवर चहा. आज हिंजवडी आणि बाकीची शहरं मिळून आम्ही सहा हजारांच्या घरात आहोत. (कंपनीचं नाव सांगत नाही. अजून तिथलाच पगार खातो :-) )

तर प्रश्न असा, की "पूर्वी असं नव्हतं" म्हणजे नेमकं काय नव्हतं? फॉर्म नव्हते, मंजुऱ्या नव्हत्या, नियम नव्हते, असं उत्तर पटकन येतं. मला ते पटत नाही.

आधी त्या "पूर्वी"बद्दलच थोडं खरं बोलू. तेवीस जणांच्या हापिसात पगारवाढ कशी ठरायची? सरांच्या केबिनमध्ये, दार लावून, दहा मिनिटांत. ज्याला बोलता यायचं त्याला जास्त मिळायचं. सरांबरोबर रविवारी सिंहगड चढणाऱ्यांना आणखी थोडं. आमच्याइतकंच, खरं तर आमच्यापेक्षा नीट काम करणाऱ्या एका मुलीचा पगार आमच्यापेक्षा कमी होता. तिने कारण विचारलं तेव्हा "अगं, तुझे मिस्टर तर चांगले कमावतात की" असं उत्तर मिळालं. तेही रागावून नाही, अगदी प्रेमाने, घरच्यासारखं! बाळंतपणाच्या रजेचंही "बघू, ठरवू" असंच चालायचं. त्याचा कायदा १९६१ पासून आहे, पण तो काही आमच्या बंगल्याचा जिना चढून वर आला नव्हता.

पुढे माणसं वाढली, एचआर आलं, कोणत्या कामाला किती पगार याचे तक्ते बनले, रजेचे नियम छापले गेले. तेव्हा सगळ्यात जास्त कुरकुर कोणी केली असेल? ज्यांचं सरांशी "घरच्यासारखं" होतं, त्यांनी. लातूर-नांदेडहून आलेली, इंग्रजी बोलताना अडखळणारी पोरं, सासर सांभाळून नोकरी करणाऱ्या मुली, यांना ते नियम म्हणजे आधार होता. नियम असला की कोणाची मर्जी सांभाळावी लागत नाही. कुटुंबात लाडका मुलगा असतो तशी धाकटी सूनही असते. घर कसं होतं, हे दोघांना वेगवेगळं विचारायला हवं.

तेव्हा नियम वाढले म्हणून वातावरण बिघडलं, हे मला मान्य नाही. मग बिघडतं ते काय?

थोडं गणित करू. तेवीस माणसं असतील तर त्यांच्यात दोघादोघांच्या जोड्या होतात २५३. एवढ्या जोड्या एका गच्चीवर सांभाळता येतात. कोणाच्या वडिलांचं ऑपरेशन आहे, कोणाचं कोणाशी पटत नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. दीडशे माणसं झाली की जोड्या होतात ११,१७५. आणि सहा हजार झाली की १ कोटी ७९ लाख ९७ हजार. एवढी नाती कोणाच्याच डोक्यात मावत नाहीत, साहेब कितीही भला असो. रॉबिन डनबार नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९९२ साली माकडांच्या मेंदूचा आकार आणि त्यांच्या टोळ्यांचा आकार यांची तुलना करून माणसासाठी साधारण दीडशेचा आकडा काढला होता. या आकड्यावर वाद आहेत, पण कुठेतरी मर्यादा आहे हे लग्नाच्या आमंत्रणांची यादी केलेल्या कोणालाही पटेल.

ही मर्यादा ओलांडली की माणसांच्या जागी कागद येतात. त्याला इलाज नाही. आपल्याकडचं मोठं उदाहरण म्हणजे इन्फोसिस. १९८१ साली पुण्यात सात इंजिनिअरांनी ती सुरू केली, सुधा मूर्तींनी दिलेल्या दहा हजार रुपयांची गोष्ट तर आता शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे. १९८३ ला बिऱ्हाड बंगळुरूला गेलं, १९९३ ला शेअर बाजारात नोंदणी झाली, आणि २००९ पर्यंत माणसं लाखाच्या वर गेली. त्याच सुमारास त्यांनी "आयरेस" नावाची पद्धत आणली. कोण कोणत्या पायरीवर, त्या पायरीसाठी किती वर्षांचा अनुभव, हे सगळं नव्याने मांडलं. हेतू रास्त होता. लाख माणसांना एकच शिडी नको का? पण अनेकांना आपण रातोरात एक पायरी खाली आल्यासारखं वाटलं, आणि ती नाराजी वर्तमानपत्रांपर्यंत पोहोचली. शिडी बनवणाऱ्यांना काही त्या माणसांचा राग नव्हता. त्या शिडीला चेहरे दिसत नव्हते, इतकंच.

मला वाटतं, खरा मुद्दा इथे आहे. कंपनी मोठी होते तेव्हा निर्णय घेणारा आणि तो निर्णय सोसणारा यांच्यातलं अंतर वाढतं. बाकी सगळं, म्हणजे वाढदिवसाचे केक, दिवाळीचा फराळ, शुक्रवारची जीन्स, हे वरवरचं. हे अंतर एरवी जाणवत नाही. ते कळतं ते वाईट वर्षात.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणून मला नेहमी एचपी, म्हणजे ह्युलेट-पॅकार्ड आठवते. १९३९ साली कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो गावी एका गॅरेजमध्ये बिल ह्युलेट आणि डेव्हिड पॅकार्ड या दोघा मित्रांनी ती काढली. पॅकार्ड त्याआधी जनरल इलेक्ट्रिकमध्ये होता. तिथे कामगार चोरी करतील म्हणून हत्यारांवर आणि सुट्या भागांवर पहारा असे. स्वतःच्या कंपनीत त्याने ठरवलं, की आपल्याकडे सामानाच्या खोल्या उघड्या राहतील. पुढे एकदा सुटीच्या दिवशी ह्युलेट कारखान्यात गेला, तर सामानाच्या खोलीला कुलूप! त्याने सरळ ते तोडलं, आणि ही खोली पुन्हा बंद करू नका अशी चिठ्ठी ठेवून गेला. तिथले साहेब केबिनमध्ये बसून न राहता कारखान्यात फिरत, लोकांशी बोलत. या सगळ्या वागण्याला पुढे "एचपी वे" असं नाव पडलं.

आता ही गोष्ट ऐकायला गोड आहे, पण अशा गोड गोष्टी प्रत्येक कंपनीच्या स्वागताच्या फाइलमध्ये असतात. मला त्यापेक्षा १९७० सालचं महत्त्वाचं वाटतं. तोवर एचपीत सुमारे १६ हजार माणसं झाली होती, म्हणजे आमच्या आजच्या कंपनीच्या अडीचपटीहून जास्त. मंदी आली, ऑर्डरी घटल्या. सरळ हिशेबाने दर दहा माणसांतला एक जास्तीचा ठरत होता. पॅकार्ड तेव्हा वॉशिंग्टनला सरकारी पदावर होता, कारभार ह्युलेट बघत होता. त्याने माणसं काढली नाहीत. दर पंधरवड्याला दहाऐवजी नऊ दिवस काम आणि पगार १० टक्के कमी, तेही वरच्या साहेबांपासून खालपर्यंत. काही महिन्यांनी ऑर्डरी आल्या, पगार पूर्ववत झाले, आणि सगळी माणसं जागेवर होती.

आता एकतीस वर्षं पुढे या. २००१ साल. संस्थापकांपैकी पॅकार्ड १९९६ सालीच गेलेला, ह्युलेट त्याच वर्षी जानेवारीत गेला. कंपनीत माणसं ८० हजारांच्या वर. पुन्हा मंदी. त्या उन्हाळ्यात कंपनीने लोकांना आवाहन केलं, की स्वेच्छेने थोडा पगार सोडा किंवा हक्काची सुटी सोडा. आणि ८० हजारांहून जास्त लोकांनी होकार दिला! विचार करा, ही केवढी मोठी गोष्ट आहे. १९७० ची आठवण तिथे अजून जिवंत होती. पण काही आठवड्यांतच, जुलैच्या अखेरीस, कंपनीने ६,००० माणसं कमी करणार असल्याचं जाहीर केलं.

यात बेकायदेशीर काहीच नव्हतं. कदाचित धंद्याच्या दृष्टीने टाळताही आलं नसतं. १९७० साली एचपी मोजमापाची उपकरणं करणारी कंपनी होती, २००१ मध्ये ती कॉम्प्युटरच्या बाजारात किमतीच्या मारामारीत होती. तरी या दोन वर्षांतला फरक मला फक्त धंद्याचा वाटत नाही. १९७० मध्ये तोटा सगळ्यांनी वाटून घेतला होता. २००१ मध्ये लोकांनी वाटून घ्यायची तयारी दाखवली, आणि तरीही त्यांच्यातल्या ६,००० जणांच्या वाट्याला तो अख्खा आला. लोक खाली तसेच होते. अंतर वाढलं होतं.

असो. अमेरिकेतून परत हिंजवडीला येऊ.

आमच्याकडेही २००१ आलंच होतं. एक मोठं गिऱ्हाईक बुडालं. तेव्हा आम्ही साठ-सत्तर झालो होतो. सरांनी चारजणांना काढलं. हो, काढलं. पण चौघांनाही त्यांनी स्वतः सांगितलं, एकेकाला समोर बसवून. एकाच्या घरी जाऊन त्याच्या वडिलांशी बोलले. दोघांसाठी ओळखीत फोन फिरवून नोकऱ्या बघून दिल्या. स्वतःचा पगार त्यांनी वर्षभर घेतला नाही, हे आम्हाला अकाउंटवाल्या काकांकडून नंतर कळलं. यात उगाच गोडवा शोधू नका. त्या चौघांपैकी एकजण आजही सरांचं नाव काढलं की गप्प होतो. काढलं ते काढलंच. पण कोणी काढलं, का काढलं, हे त्याला माहीत आहे. राग धरायला त्याच्याकडे एक माणूस आहे.

२०२३ मध्ये आमच्याच कंपनीत माझ्या शेजारच्या टीममधली एकजण गेली. चौदा वर्षं नोकरी. सकाळी नऊ वाजता कॅलेंडरवर पंधरा मिनिटांची मीटिंग आली, तिने कधीच न पाहिलेल्या एचआरच्या मुलीकडून. त्या मुलीने समोरचा कागद वाचून दाखवला. दुपारी कार्ड चालेना. तिच्या मॅनेजरला हे कधी कळलं? त्याच दिवशी सकाळी साडेआठला. त्यालाही यादी वरून आली होती. वर विचारलं तर ती सल्लागारांनी दिलेल्या निकषांवरून निघाली होती. सल्लागारांनी आकडे कुठून घेतले? आमच्याच सिस्टीममधून.

त्या आकड्यांत तिचे गिऱ्हाइकाला लावता येणारे तास कमी दिसत होते. ते कमी का होते? एक म्हणजे वडिलांच्या आजारपणात तिने रजा घेतली होती. सगळी नियमात, मंजूर झालेली. दुसरं म्हणजे नवीन पोरांना शिकवायचं काम वर्षानुवर्षं तीच करायची, आणि शिकवण्यासाठी त्या तक्त्यात रकानाच नव्हता. आज आमच्याकडे टीम लीड झालेल्या निदान दहाजणांना तिने हाताला धरून काम शिकवलंय. ते सगळ्यांना माहीत होतं. फक्त ज्यांनी ठरवलं त्यांना माहीत नव्हतं.

ती मला म्हणाली, "मला भांडायचं होतं रे, पण कोणाशी भांडू तेच कळेना." हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. कारण खरंच कोणी नव्हतं. एचआरची मुलगी निरोप्या, मॅनेजर निरोप्या, सल्लागार हिशेबनीस, संचालक म्हणजे वर्षातून एकदा स्क्रीनवर दिसणारा चेहरा. प्रत्येकाने आपापलं काम चोख केलं, आणि त्या चोख कामातून एक अन्याय तयार झाला, ज्याचा धनी कोणीच नाही. आणि हे फक्त आमच्याकडचं नाही. २०२३ च्या जानेवारीतच गूगलने १२,००० माणसं कमी करायचं जाहीर केलं, आणि वर्षानुवर्षं तिथे राबलेल्या कितीतरी जणांना ते ई-मेलमधूनच समजलं.

"मग काय, कंपन्यांनी वाढूच नये?" असं आमचे चिरंजीव विचारतात. वाढावं की. ती वाढली म्हणून तर सहा हजार घरांत चूल पेटते, आणि ते घरगुती प्रेमाने कमी पगार देणंही थांबलं. प्रश्न वाढण्याचा नाही, अंतराचा आहे. आणि अंतर कमी ठेवता येतं, याचीही उदाहरणं आहेत. पावसाळी जॅकेटांचं गोरटेक्स कापड बनवणारी गोर नावाची अमेरिकन कंपनी आहे, १९५८ ची. बिल गोरच्या लक्षात आलं, की कारखाना एका आकाराच्या पुढे गेला की लोक "आपण" म्हणायचं सोडून "ते लोक" म्हणायला लागतात. त्याने ठरवलं, की एका ठिकाणी दीडशे-दोनशेच्या वर माणसं झाली की दुसरा कारखाना काढायचा. खर्च वाढतो, मान्य आहे. पण आज दहा हजारांहून जास्त माणसं असूनही ती कंपनी टिकून आहे.

प्रत्येकाला हे जमेल असं नाही. पण तीन गोष्टी तर सहा हजारांच्या कंपनीलाही जमण्यासारख्या आहेत. पहिली, वाईट बातमी ज्याने ठरवली त्याने सांगावी, निदान त्याचं नाव तरी त्या पत्राखाली असावं. दुसरी, यादी पक्की होण्याआधी ती त्या माणसाबरोबर रोज काम करणाऱ्याला दाखवावी, आणि "हे चुकतंय" म्हणायचा त्याला खरा अधिकार असावा. नियम हवाच, पण नियमाला डोळे लावणारं कोणीतरी हवं. तिसरी, वाईट वर्षाची झळ वरून सुरू व्हावी. २०१७ च्या एप्रिलमध्ये नारायण मूर्तींनी इन्फोसिसमधल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याच्या मोठ्या पगारवाढीवर जाहीर आक्षेप घेतला होता. बहुतेक कर्मचाऱ्यांना ६ ते ८ टक्के वाढ मिळत असताना हे योग्य नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. त्या वादात कोण बरोबर, यावर दोन्ही बाजूंनी पुष्कळ लिहिलं गेलं. पण प्रश्न त्यांनी अचूक जागी विचारला होता.

आपल्या नात्यातली बरीच मुलं सध्या नोकऱ्या शोधतायत, त्यांच्यासाठी एक सांगून थांबतो. मुलाखतीच्या शेवटी "तुम्हाला काही विचारायचंय का?" असं विचारतात. तेव्हा "इथलं वर्क कल्चर कसं आहे?" असं विचारू नका, सगळेच "छान" म्हणतात आणि पिंगपाँगचं टेबल दाखवतात. त्याऐवजी विचारा, "तुमचं मागचं वाईट वर्ष कोणतं, आणि तेव्हा तुम्ही काय केलंत?" समोरचा गडबडला तर ते बघा. त्याने आकडे सांगितले तर तेही बघा. आणि त्याने एखाद्या माणसाची गोष्ट सांगितली, तर मात्र पगार थोडा कमी असला तरी त्या नोकरीचा विचार करा.

आणि तुमच्या हापिसात काय परिस्थिती आहे? तुम्हाला भांडायचं झालं तर कोणाशी भांडायचं, हे तुम्हाला ठाऊक आहे का? जरूर कळवा.